मोर्चातली विहीणबाई

तो व्हिडिओ माझ्या फोनवर आला तेव्हा मी डोशाच्या तव्यापुढे उभी होते. चिखल, पाऊस, पिवळ्या कोटातले पोलीस आणि एका अगडबंब यंत्रापुढे हातात हात अडकवून बसलेली गोरी माणसं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्यांच्यात मांडी घालून बसली होती, मांडीवर व्हायोलिन. मग त्या सगळ्यांनी मुठी वर केल्या आणि एका दमात म्हटलं:

"विहीणबाई, विहीणबाई, पोट तुझं केवढं?
कावेरीचं पाणी पिऊन रितं अजून एवढं!"

त्यांच्या तोंडी विहीणबाईची 'व्हीनबाय' झाली होती, पण शब्द ओळखू येत होते. डोसा करपला. अक्का तिकडे ऑस्ट्रेलियात एका बँडमध्ये वाजवते आणि तो बँड सरकारला शिव्या देतो, हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक होतं. पण सरकारला द्यायच्या शिव्या तिनं आमच्या घरातून नेल्या आहेत, हे मला त्या सकाळी कळलं. मी वडिलांना, अप्पांना, व्हिडिओ दाखवला. अप्पांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि विचारलं, "पोलिसास विचारून बसलेत काय ते?"

ही विहीणबाई म्हणजे माझ्या आत्याची सासू.

आता हे समजायचं तर आमच्या लोकांची एक रीत समजून घ्यावी लागेल. आम्ही तंजावरचे मराठी. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत इतक्या पिढ्या राहतोय, की पुण्याच्या कुणी "तुम्ही मराठी कुठे शिकलात?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. मला देवनागरी लिहिता येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना तीही येत नाही. पण लग्नातली चेष्टेची गाणी सगळ्यांना येतात. मुलीकडच्या बायका एका बाजूला, मुलाकडच्या दुसऱ्या बाजूला. आधी मुलीकडच्यांनी विहिणीची टर उडवायची. जिच्यावर गाणं, तिनं हसायचं. रागावली तर तिची चूक. मग तिनं उठून उत्तर म्हणायचं आणि मुलीकडच्यांनी हसायचं. दोन्हीकडची जळजळ अशी बाहेर पडते आणि मग सगळे जेवायला बसतात. उत्तराशिवाय राहिलेलं गाणं म्हणजे मात्र नुसता अपमान.

आत्याच्या लग्नात मी चार वर्षांची होते. मला खरं म्हणजे काही आठवत नसणार, पण ती हकीगत इतक्या वेळा ऐकली आहे की मी ती पाहिली असं शपथेवर सांगेन. गाणं माझ्या आजीनं रचलं होतं. विहीणबाई चांगल्या जाडजूड होत्या, आणि गाणं ऐकून मांडव हलेल अशा हसल्या. मग त्या उभ्या राहिल्या, खाकरल्या आणि उत्तर सुरू करणार, एवढ्यात माझ्या आजोबांनी बोट उंच करून हलवलं.

बोट हलवलं की नादस्वरम आणि तविल, म्हणजे आमचे सनई-चौघडे, जीव खाऊन वाजायला लागतात. ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी कुणाची शिंक किंवा अभद्र शब्द कानावर पडू नये, म्हणून हा सगळा गदारोळ. त्याला इथे गट्टी मेळम म्हणतात. मुहूर्त टळत होता, असं आजोबांनी नंतर सांगितलं. बाई काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती, असं बाकीचे म्हणतात. काही असो, विहीणबाईंचं तोंड हलत राहिलं आणि उत्तराचं एक अक्षरही कुणाच्या कानी पडलं नाही. मेळम थांबलं तेव्हा ताली बांधून झाली होती, अक्षता पडल्या होत्या आणि लोक पानांकडे निघाले होते.

"माझं उत्तर शिंक होतं काय?" असं त्यांनी पंगतीत विचारलं म्हणे. सगळ्यांनी पायसमची खीर ओरपली.

मग विहीणबाईंनी अट घातली. सून माहेरी जाईल, पण तिला न्यायला मुऱ्हाळी आला पाहिजे, आणि त्या मुऱ्हाळ्यानं आधी आमच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसून माझं उत्तर पुरतं ऐकलं पाहिजे. लग्न झालेल्या मुलीला माहेरी आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. बोलावणं नसताना, न्यायला कुणी आलं नसताना मुलगी आपल्या पायांनी माहेरी आली तर तो दोन्ही घरांचा कमीपणा. आजोबा म्हणाले, आपण मुलीकडचे असलो म्हणून काय झालं, ऐकून घ्यायला कोण जाणार? अप्पा आत्याचे थोरले भाऊ. मुऱ्हाळी म्हणून त्यांनीच जायला हवं होतं. ते म्हणाले, वडील हो म्हणू देत. वडील वारले. मग अप्पा म्हणाले, आता इतक्या दिवसांनी कसं जायचं? पुढे विहीणबाईही वारल्या आणि मोठाच पेच झाला. उत्तर ऐकायची अट होती आणि उत्तर देणारी नव्हती. आत्या म्हणाली, "अट त्यांची. मोडणार मी कोण?"

आत्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. आमच्या गच्चीवरून तिच्या वाळत घातलेल्या साड्या दिसतात.

पन्नासेक वर्षं हे असं चाललं. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. आत्या भाजीबाजारात भेटायची, माझ्या पिशवीत मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, पुडी कोंबायची, 'अण्णा बरे अहेत काय?' म्हणून अप्पांची तब्येत विचारायची. माझी आई गेली तेव्हा आली. दारात उभी राहून रडली आणि पाणीही न पिता गेली. मुऱ्हाळ्यावाचून माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तिनं असं पाळलं की आम्हालाच ते रोजचं वाटायला लागलं. मला मात्र अप्पांचा राग यायचा. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस. साऱ्या त्रिभुज प्रदेशातल्या कालव्यांची दारं यांनी उघडली आणि मिटली, आणि बहिणीच्या दारापर्यंत जाववत नव्हतं.

तर बँड. त्याचा इतिहास मी अक्काच्या फोनवरून तुकड्यातुकड्यानं गोळा केला आहे, त्यामुळे तो थोडा उलटसुलट असेल.

एक नळ दुरुस्त करणारा उंचेला माणूस बँजो वाजवायचा आणि त्याच्या शेजारची नर्स अकॉर्डियन. दोघं कपडे धुवायच्या खोलीत सराव करायचे. त्यांच्या गल्लीतलं एक जुनं झाड नगरपालिका तोडणार होती. यांनी त्यावर गाणं केलं, झाडाखाली उभं राहून म्हटलं आणि काय नवल, झाड वाचलं. गाण्यानं काम होतं असा त्यांचा समज झाला. पुढची तीसेक वर्षं ते गातच राहिले, पण त्या झाडानंतर त्यांच्या गाण्यानं थांबलं असं फारसं काही नाही. त्या झाडानं आमचं आयुष्य बिघडवलं, असं अक्का म्हणते.

मग युरेनियमच्या खाणीवर गाणी झाली, जंगलतोडीवर, लढाईवर, होड्यांतून आलेल्या माणसांना छावणीत कोंडण्यावर, कोळशावर. एखाद्या पक्षासाठी हे लोक निवडणुकीत उन्हातान्हात गात फिरायचे, आणि तो पक्ष निवडून आला की पुढच्या आठवड्यात त्याच्यावर गाणं तयार. त्यामुळे कुठलंही सरकार त्यांना आपलं म्हणेना. त्यांचा ड्रमवाला एकदा हौसेनं उभा राहिला आणि नगरपालिकेवर निवडून आला. बँडनं रीतसर त्याच्यावर गाणं केलं. दुसरा ड्रमवाला मिळेना म्हणून ते गाणं वाजवायला तोच आला, आणि चांगलं वाजवलं म्हणे. बियर कंपनीच्या जलशात वाजवावं की नाही यावरून बँड एकदा फुटला. एकाच नावाचे दोन बँड झाले, दोघेही तीच गाणी म्हणायचे आणि दोन्हींत ड्रमवाला हाच. त्यालाच दोन ठिकाणी धावणं झेपेना म्हणून बँड परत एक झाला.

अक्का लग्न होऊन तिकडे गेली. आमचे भावोजी दातांचे डॉक्टर. ते आजवर एकाही मोर्चाला गेलेले नाहीत, पण साऱ्या बँडचे दात फुकट बघतात. अकॉर्डियनवाली नर्स त्यांच्या दवाखान्यात आली असताना तिला मागच्या खोलीतून व्हायोलिन ऐकू आलं, आणि अक्का बँडमध्ये गेली. आमच्याकडे व्हायोलिन जमिनीवर बसून, त्याचं डोकं घोट्यावर टेकवून वाजवतात. तिथले पोलीस आंदोलकांना उचलून बाजूला ठेवतात. अक्काला पहिल्यांदा उचललं तेव्हा आवर्तन पुरं व्हायचं होतं, म्हणून तिनं वाजवणं थांबवलं नाही. चार पोलिसांनी तिला मांडी घातलेली तशीच, वाजवती, नेऊन गवतावर ठेवली. तो फोटो तिकडच्या पेपरात आला. इकडे अप्पांनी दोन दिवस दार उघडलं नाही.

अप्पांचं दुखणं वेगळं होतं. सरकार कुठलंही असो, ते आपलंच खातं आहे असं त्यांना वाटतं. अक्काच्या कॅसेटी यायच्या तेव्हा ते खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. ऐकून झालं की फोनवर उपदेश. "सरकारास असं ओरडून सांगतात काय गे? मनु द्यावा. एक प्रत कलेक्टरास, एक आपल्यापाशी." मनु म्हणजे अर्ज. अक्का म्हणायची, "अप्पा, आमच्या अर्जास चाल असते, एवढंच."

आणि ते गाणं? एक नदी कापसाच्या मळ्यांनी उपसून कोरडी केली होती, तिच्या पात्रात हे लोक भर दुपारी ठाण मांडून बसले होते. गाणी संपली. उंच बँजोवाल्यानं अक्काला विचारलं, तुझ्या गावचं नदीचं काही गाणं नाही का? तिच्या तोंडात हेच आलं. अर्थ काय, तर एकीनं अख्खी नदी पिऊन टाकली आणि तरी तिचं पोट रिकामंच. यात खोटं काहीच नव्हतं. बँजोवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ते प्रत्येक मोर्चाचं शेवटचं गाणं झालं, आणि बँजोवाला ठिकठिकाणी सांगायला लागला की कावेरीकाठच्या कष्टकरी बायकांनी पाणीचोराविरुद्ध रचलेलं हे गाणं आहे. लग्न, पंगत, विहीण यातलं अक्कानं काहीच सांगितलं नव्हतं.

"विचारलं कोठे त्यांनी?" ती मला म्हणाली. कोळसेवाले, मंत्री, बँका, सगळ्यांवर आमच्या आत्याच्या सासूचं पोट.

यंदा पोंगल झाल्यावर तो बँड आमच्या घरी आला. गाणं जिथे जन्मलं तिथे जाऊन ते म्हणायचं, अशी त्यांची जुनी इच्छा होती. अक्का सोडून सहा जण, सगळे आता साठीच्या पुढचे. उंच माणसाचं डोकं आमच्या प्रत्येक चौकटीला आपटलं, आणि प्रत्येक वेळी तो चौकटीची माफी मागायचा. ड्रमवाला दहीभातावर इतका खूश झाला की सकाळीही तोच मागायला लागला. अप्पांनी त्यांना कालव्यावर नेऊन पाण्याचं दार कसं वर-खाली होतं ते समजावून सांगितलं. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायला वरच्यांनी आपलं दार वेळेवर मिटावं लागतं, हे ऐकून उंच माणूस पुन्हा रडला. कालव्याच्या दारावर रडणारा माणूस अप्पांना नोकरीत कधी भेटला नव्हता. घरी येताना ते त्याचा हात धरून चालत होते.

आमच्या लोकांच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठरला. मी स्वयंपाकघरात अक्काला गाठलं.

"ते गाणं म्हणायचं नाही," मी म्हटलं.

"त्यासाठीच आलेत ते."

"तिथं सगळे आपले लोक असणार. पोट कुणाचं ते प्रत्येकास ठाऊक अहे. आत्यानं ते घर पन्नास वर्षं सांभाळलं. तिला पुन्हा भर सभेत बसवून तेच ऐकवायचं? आणि या वेळी माइकवरून?"

अक्कानं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मी साऱ्या जगास सांगते, गप्प बसू नका. माझ्याच गाण्यास गप्प बस कसं सांगू?" मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मोर्चात बसून बसून माणसाला अशी वाक्यं बोलायची सवय लागते.

म्हणून मी आत्याकडे गेले. तिला म्हटलं, रविवारी येऊ नकोस. तिनं विचारलं, "का? तिकीट अहे काय?" मग मला खरं ते सांगावं लागलं, व्हिडिओ दाखवावा लागला. आत्या फोन लांब धरून बघत राहिली, मग पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. हसली नाही. चिखलातल्या माणसांकडे बघत तिनं विचारलं, "एवढंच म्हणतात? उत्तर म्हणत नाहीत?"

"उत्तर कोणास ठाऊक अहे आत्या?"

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. तिची सून बँकेत असते, ती दारापर्यंत आली आणि तमिळमध्ये हळूच म्हणाली, "असं नको होतं करायला." आता बाजारातली मुरुक्कूची पुडीसुद्धा बंद होणार, असं मला वाटलं. त्या विचारानं मला रस्त्यातच रडू आलं.

रविवारी आत्या आली. रेशमी पट्टू साडी नेसून, सुनेबरोबर, पहिल्या रांगेत मधोमध बसली. अप्पा त्याच रांगेच्या टोकाला होते. ते तिच्याकडे बघेनात. आमच्या लोकांनी सभागृह भरलं होतं, कारण फुकट होतं आणि नंतर कॉफी होती.

खाणीवरचं झालं, जंगलावरचं झालं. लोकांनी भजनाला धरतात तसा ताल धरला. मग उंच माणूस पुढे आला आणि हात जोडून इंग्रजीत बोलायला लागला. या भूमीत एक पाणीचोर होता, त्याच्याविरुद्ध या मातीतल्या बायका उभ्या राहिल्या, त्यांच्या मुली आणि नाती आज इथे बसल्या असतील. साऱ्या सभागृहानं एकदम आत्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बँडनं गाणं सुरू केलं आणि सहाही ऑस्ट्रेलियन माणसांनी मुठी उंच करून माझ्या आत्याच्या सासूला तिचं पोट विचारलं.

गाणं संपलं. टाळी एकही नाही. बँजोवाल्याला वाटलं, लोक भारावले आहेत.

आत्या उठली. सुनेनं हात धरला तो तिनं सोडवला. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून माइकपाशी गेली आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाली, "विहीणबाईचं उत्तर अहे. त्यांनी मज शिकवून ठेवलं."

ती खाकरली. तिनं पहिला शब्द उचलला, आणि तेवढ्यात ड्रमवाला पेटला. स्थानिक कलाकार मंचावर आली आहे, तिला साथ दिली पाहिजे, असं त्या भल्या माणसाला वाटलं. त्यानं असा काही दणका सुरू केला की बँजो, अकॉर्डियन सगळेच त्यात उतरले. आत्याचं तोंड हलत होतं. अक्षर ऐकू येत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी हे कसं दिसलं असेल ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"बंद करा!"

हा आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही. अप्पा उभे होते. ज्यांनी आयुष्यात कुणालाच, शिपायालासुद्धा, आवाज चढवून हाक मारली नाही, ते अप्पा हात वर करून ओरडत होते. "स्टॉप! निप्पाट्टुंगो! बंद करा ते! माझी बहीण बोलत्ये! तिचं ऐकू द्या! ऐकू द्या!" तिन्ही भाषांत. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत राहिल्या. सभागृहात कुठेतरी पंख्याची घरघर चालू होती, तेवढीच.

आत्यानं अप्पांकडे पाहिलं. मग पुन्हा सुरुवातीपासून, न घाबरता, चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं:

"पोट माझं मोठं बाई, खोटं नाही काही,
लेक तुमची जन्मभर पोसायची की नाही?"

हशा फुटला. फार चांगलं उत्तर होतं. ते त्या दिवशी ऐकू आलं असतं तर सगळे हसले असते आणि पायसम खाऊन घरी गेले असते. पण आत्या थांबली नाही.

"तोंड तुमचं मोठं बाई, पाय तुमचे लहान,
दोन गल्ल्या चालताना होता का हैराण?"

हे ऐकून पुढचा हशा अर्ध्यात विरला. हे कडवं लग्नातलं असणं शक्य नव्हतं. लग्नाच्या दिवशी विहीणबाईला दोन गल्ल्यांचं पुढे काय होणार ते कसं कळणार? हे आत्याचं होतं. किती वर्षं तिनं ते मनात म्हटलं असेल कोण जाणे, तांदूळ निवडताना, साड्या वाळत घालताना. आमच्या गच्चीकडे तोंड करून. मला लाज वाटली. अप्पांवर रागावून मी मोकळी झाले होते. मलाही दोन पाय होतेच की. आणि वर रीत अशी की ज्याच्यावर गाणं त्यानं हसायचं. आम्ही हसलो. अप्पा तर मान खाली घालून खदाखदा हसत होते आणि डोळे पुसत होते. अक्कानं माइक घेऊन दोन्ही कडवी बँडला इंग्रजीत सांगितली. या वेळी तिनं सगळं सांगितलं, लग्न, पोट, मेळम, सगळं.

उंच माणसानं बँजो गळ्यातून काढून खाली ठेवला. मग त्यानं अक्काला विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीच्या बाजूनं गात होतो?"

"तूर्तास कॉफी घ्या," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आंघोळ करून, पांढरी वेष्टी नेसून, खांद्यावर जरीचं अंगवस्त्र टाकून तयार. ताटात नारळ, विड्याची पानं, फुलं, एक साडी. मुऱ्हाळी निघाला. ऐंशीच्या पुढचा मुऱ्हाळी मी कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघी मागे निघालो, आणि आमच्या मागे अख्खा बँड, वाद्यांसकट. त्यांना काय समजावणार? कुणीतरी ठामपणे रस्त्यानं चालत निघालं आहे आणि मागे माणसं आहेत, एवढं दिसल्यावर त्यांना घरात बसवेना. राजवाड्याच्या वळणावर पोलीस शिपायानं शिट्टी मारली. हे गोरे कोण, मिरवणूक कसली, परवानगी आहे का? मला वाटलं, झालं, आता अप्पा परत फिरणार आणि अर्ज लिहायला बसणार.

"परवानगी नाही," अप्पा तमिळमध्ये म्हणाले. "बहिणीला घरी न्यायला चाललोय. तुला काय लिहायचं ते लिहून घे." आणि चालू लागले. अक्कानं माझा हात इतका जोरात दाबला की दुखला.

आत्याच्या तिण्णैवर अप्पा बसले. आत्यानं दारात उभं राहून उत्तर पुन्हा पुरतं म्हटलं, कारण अट तिण्णैवरच ऐकायची होती आणि सभागृहातलं धरायचं नव्हतं. अप्पा पुन्हा हसले. आता सासू नाही, नवरा नाही, तर जायची परवानगी द्यायची कुणी? आत्या सुनेपुढे जाऊन उभी राहिली. सून बँकेत जायच्या घाईत होती, केस ओले. ती गोंधळली, मग समजली आणि रीत बाजूला ठेवून सासूच्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली, "पोयिट्टु वांगो अम्मा. जाऊन या. घाई करू नका."

मी ऑटो थांबवली. आत्याचे गुडघे दुखतात. आत्या आणि अप्पा आत बसले, मी ऑटोवाल्याच्या शेजारी कशीबशी. बँड मागून दोन ऑटोंत कोंबला गेला, बँजोवाल्याचे पाय बाहेर. ऑटोवाल्यानं विचारलं कुठे, आणि मी आमच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथूनच दिसत होती. ऑटोवाला म्हणाला, यासाठी ऑटो कशाला?

"थांब," आत्या म्हणाली. "मोठ्या देवळावरनं घे. मग जुन्या बसस्टँडावरनं. मग कालव्याच्या रस्त्यानं घे."

"का गे?" अप्पांनी विचारलं.

आत्यानं ताटातली साडी उचलून मांडीवर घेतली आणि तिच्या घड्यांवरून हात फिरवला.

"माहेरास निघाल्ये अण्णा," ती म्हणाली. "इतक्यात कशी पोचू?"